इंजिन तापलं तर आधी पाण्याच्या वाटेने चला

बोटीच्या पोटात बसवलेलं इंजिन, म्हणजे इनबोर्ड इंजिन, तापू लागलं की बहुतेकांचा हात आधी थर्मोस्टॅटकडे, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या झडपेकडे, जातो. भाग छोटा, स्वस्त, आणि मोटारींमुळे नाव ओळखीचं. तो बदलला जातो, बोट पुन्हा बाहेर पडते आणि अर्ध्या तासात काटा पुन्हा लाल पट्ट्यात जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रस्त्यावर गाडी तापली तर ती कडेला लावून थांबता येतं. पाण्यावर इंजिन गेलं की वारा आणि प्रवाह नेतील तिकडे बोट जाते, आणि जवळ खडक असतील तर बॉनेट उघडून विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून हे निदान पहिल्या लक्षणालाच, धक्क्याला बांधलेल्या बोटीत, क्रमाने करायला हवं. तो क्रम नव्याने शोधावा लागत नाही. पाणी ज्या वाटेने जातं, त्याच वाटेने तपासत जायचं.

उष्णता जाते कुठे

डिझेल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग प्रोपेलरच्या शाफ्टला मिळतो, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला एक तृतीयांश इंजिनाच्या धातूत शिरतो. हा शेवटचा वाटा सतत बाहेर काढत राहणं हे कूलिंगचं काम. मोटारीत ते रेडिएटर आणि वारा करतात. बोटीत भोवतालचं पाणी करतं.

याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या आणि लहान इंजिनांत समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यातून, फिरवलं जातं. आजच्या बहुतेक इंजिनांत मात्र दोन वेगळे प्रवाह असतात. आतला प्रवाह कूलंटचा, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांच्या मिश्रणाचा. तो इंजिनातच गोल फिरतो. बाहेरचा प्रवाह समुद्राच्या पाण्याचा. बोटीच्या तळातल्या भोकातून ते सीकॉकमधून, म्हणजे त्या भोकावरच्या बंद-चालू करायच्या झडपेतून, आत येतं, गाळणीतून पंपाकडे जातं, पंप त्याला हीट एक्स्चेंजरमध्ये ढकलतो, तिथे ते कूलंटची उष्णता उचलतं आणि शेवटी मिक्सिंग एल्बोमध्ये धुरात मिसळून धुरासकट बाहेर पडतं. दोन्ही पाणी कधीच एकमेकांत मिसळत नाहीत. मध्ये पातळ नळ्यांची भिंत असते. काही कामाच्या बोटींमध्ये तळाला बाहेरून नळ्या बसवून कूलंटच तिथून फिरवतात. त्यांना समुद्राच्या पाण्याचा पंप नसतो आणि खाली सांगितलेलं बरंचसं त्यांना लागू होत नाही.

आता थोडं गणित, कारण त्याने पुढचं सगळं उलगडतं. समजा इंजिन 30 किलोवॉटचं आहे, म्हणजे साधारण 40 हॉर्सपॉवरचं. पूर्ण जोरात चालताना कूलंटकडे जवळजवळ तेवढीच, 30 किलोवॉट उष्णता येते. समुद्राचं पाणी 28 अंशांवर आत आलं आणि ते 20 अंशांनी तापून बाहेर पडावं असं ठरवलं, तर मिनिटाला सुमारे 22 लिटर पाणी लागतं. प्रवाह निम्म्यावर आला की तापमानातली वाढ दुप्पट होते, आणि तेच पाणी 68 अंशांनी बाहेर पडतं. साधारण 60 अंशांच्या वर खाऱ्या पाण्यातले क्षार धातूवर भराभर बसू लागतात. म्हणजे अपुरा प्रवाह आज इंजिन तापवतो आणि पुढच्या हंगामासाठी नळ्यांत थर चढवून ठेवतो. तापमान थोडंसंच वाढलंय, चालवून घेऊ, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

थेट समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनांचा थर्मोस्टॅट 60 अंशांच्या आसपास उघडणारा असतो, तोही याच कारणासाठी. दोन प्रवाहांच्या इंजिनात तो 70 ते 80 च्या घरात किंवा थोडा वर असतो. पहिल्या प्रकारच्या इंजिनात दुसऱ्या प्रकारचा थर्मोस्टॅट बसवला तर काही वर्षांत ब्लॉकच्या आतल्या वाटा क्षारांनी बुजतात.

अलार्म वाजला त्या क्षणी

थ्रॉटल खाली घ्या, गिअर न्यूट्रलला टाका आणि पाठीमागे वाकून एक्झॉस्टकडे बघा. धुराबरोबर पाणी नेहमीसारखं उसळत बाहेर पडतंय का? पाणी येत असेल तर इंजिन मंद चालू ठेवणं बहुधा हिताचं, कारण आतला प्रवाह चालू राहतो आणि तापमान हळूहळू उतरतं. पाणी येत नसेल, किंवा इंजिनाच्या खोलीत वाफ आणि कूलंटचा गोडसर वास असेल, तर बंद करा. जवळ धोका असेल तर आधी नांगर टाका.

तापलेल्या इंजिनाच्या टाकीचं झाकण उघडू नका. कूलंट दाबाखाली असतं, म्हणूनच ते शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि ते एकदम उकळून तोंडावर येतं. गरम ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नका. ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो.

आणखी एक धोका फारसा सांगितला जात नाही. गार झाल्यावर इंजिन सुरू होत नसेल आणि तुम्ही स्टार्टर पुन्हा पुन्हा फिरवत राहिलात, तर पंप दर वेळी थोडं पाणी एक्झॉस्टमध्ये टाकतो. ते बाहेर ढकलायला धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे सिलिंडरपर्यंत पोहोचू शकतं. अशा वेळी सीकॉक बंद ठेवून स्टार्टर फिरवा आणि इंजिनाने पेट घेताच तो लगेच उघडा.

काटा खरं बोलतोय का

हे आधी ठरवा. हातात धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि थर्मोस्टॅटच्या घरावर, सेन्सरच्या शेजारी मोजा. चकचकीत धातूवर ते खूप कमी आकडा दाखवतं, म्हणून मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावा किंवा काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्या. तिथे 80 अंश आहे आणि गेज 105 म्हणतोय, तर दोष वायरिंगचा, सेन्सरचा किंवा गेजचा. बहुतेक गेजमध्ये सेन्सरची वायर घासून इंजिनाच्या धातूला टेकली की काटा थेट शेवटाला जातो. चावी फिरवताच, गार इंजिनावरच तो टोकाला असेल तर हेच झालेलं असतं.

उलटी चूक जास्त घातक आहे. कूलंट गळून गेलं की सेन्सर पाण्याऐवजी हवेत लोंबतो आणि काटा निवांत मध्ये दिसतो, तर हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, भाजत असतं. गेज ठीक आहे पण खोलीत रंग जळल्याचा वास येतोय, तर नाकावर विश्वास ठेवा.

इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं तापमान थोडं चढतं. धातूतली साठलेली उष्णता थांबलेल्या पाण्यात उतरते, एवढंच. त्यासाठी काहीही उघडायची गरज नाही.

कुठे नाही, केव्हा तापतं ते विचारा

माझ्या मते सगळ्या निदानाचा कणा हा एक प्रश्न आहे. कुठल्या वेगाला, किती वेळाने, अचानक की हळूहळू?

तळाने पाणी कापत जाणाऱ्या बोटीत प्रोपेलरला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला 3000 फेऱ्यांवरून 2400 वर आलात, म्हणजे 80 टक्क्यांवर, तर ताकद 0.8 × 0.8 × 0.8, म्हणजे जवळपास निम्मी लागते आणि उष्णताही त्याच अंदाजाने घटते. पंप मात्र प्रत्येक फेरीला ठरावीक पाणी ढकलतो, त्यामुळे त्याचा प्रवाह 80 टक्के राहतो. उष्णता निम्मी, पाणी चार पंचमांश. थोडासा थ्रॉटल कमी केल्यावर काटा झटकन खाली येतो तो यामुळे. आणि थोडी तुंबलेली व्यवस्था आठ महिने गुपचूप चालून फक्त पूर्ण वेगालाच का उघडी पडते, तेही यामुळे.

यावरून वाटा फुटतात. बांधलेल्या जागी, मंद फेऱ्यांवर काही मिनिटांतच काटा चढतोय तर एखादा प्रवाह जवळजवळ थांबलेलाच आहे. कुठला, ते एक्झॉस्ट सांगतो: पाणी नाही तर बाहेरचा, पाणी भरपूर आहे तर आतला. नेहमीच्या वेगाला ठीक पण पूर्ण वेगाला तापतं, तर कुठेतरी अर्धवट अडथळा आहे किंवा इंजिनावर भारच जास्त आहे. चालता चालता एकदम चढला तर तळाच्या भोकावर चिकटलेली प्लास्टिकची पिशवी, फाटलेला इंपेलर किंवा तुटलेला पट्टा. हंगामागून हंगाम दोन-दोन अंशांनी वाढत आलाय तर क्षारांचा थर. काटा झोके घेतोय तर अडकत उघडणारा थर्मोस्टॅट किंवा आतल्या वाटेत अडकलेली हवा.

बाहेरचं पाणी

दुखणं बहुतेक वेळा इथेच सापडतं, म्हणून इथे घाई नको.

सीकॉक उघडा आहे ना, हे बघताना दांड्याच्या दिशेवर भागवू नका. दांडा फिरतो पण आतला बॉल जागेवरच राहतो, असंही होतं. सीकॉक बंद करा, पाइप काढा, जवळ लाकडी बूच ठेवा आणि क्षणभर उघडा. पाणी जोरात आत यायला हवं. रेंगाळत येत असेल तर तळाच्या जाळीवर शेवाळ किंवा शिंपल्यांचा थर आहे.

पुढे गाळणी. टोपली स्वच्छ करणं सगळ्यांनाच माहीत असतं, पण झाकणाच्या रबरी रिंगकडे कुणी बघत नाही. पंप पाणी ओढतो तेव्हा सीकॉकपासून पंपापर्यंतच्या भागात दाब कमी असतो. तिथे बारीक फट असली तर पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. बाहेरून सगळं कोरडं ठाक दिसतं आणि पंप अर्धी हवा ढकलत असतो. गाळणीचं झाकण पारदर्शक असेल तर इंजिन चालू असताना आत बुडबुडे दिसतात का ते बघा. ओढणीच्या बाजूचा पाइपही चालू इंजिनात, फेऱ्या वाढवून बघायला हवा. जुन्या पाइपाचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं मिटतं, किंवा पाइप ओढीने चपटा होतो. इंजिन बंद केलं की तो पुन्हा गोल दिसतो. हा दोष उभ्या इंजिनात सापडतच नाही.

मग पंप. आत रबराचा पात्यांचा इंपेलर असतो. तो पाण्यानेच वंगण घेतो, त्यामुळे कोरडा चालला तर मिनिटाभरातच भाजून फाटू लागतो. झाकण काढून पाती बघा: मुळाशी तडे, झिजलेली टोकं, एकाच बाजूला कायमची वाकलेली पाती. सगळी पाती शाबूत असूनही इंपेलर निकामी असू शकतो, कारण रबर आणि मधला धातूचा डोळा यांची चिकटण सुटलेली असते. शाफ्ट फिरतो, रबर जागेवर घसरतं. डोळा धरून रबर पिळून बघितलं की ते कळतं. झाकणाच्या आतल्या बाजूला गोल चरे पडले असतील तर पाणी त्यातून मागे निसटतं. दोन्ही बाजू सपाट असलेलं झाकण उलटं करून बसवता येतं. पात्यांना वाकवणारा आतला उंचवटा झिजला असेल तर नवा इंपेलरही पूर्ण पाणी देत नाही.

इथली सगळ्यात महागडी हयगय म्हणजे तुटलेली पाती न शोधणं. जुन्या इंपेलरची दोन पाती कमी असतील तर ती पुढे गेलेली आहेत, आणि पहिल्या अरुंद जागी अडकून बसलेली आहेत. अनेक इंजिनांत ती जागा गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर असते, नाहीतर हीट एक्स्चेंजरचं तोंड. तुकडे जुळवून पातं पूर्ण झाल्याशिवाय झाकणं बंद करू नका. नवीन इंपेलर टाकूनही इंजिन तापतंय, ही तक्रार बहुतेक वेळा इथे सुटते.

हीट एक्स्चेंजर आणि एल्बो

हीट एक्स्चेंजरचं पाणी आत येतानाचं आणि बाहेर जातानाचं तापमान मोजा. समुद्राच्या पाण्यातली वाढ खूप मोठी दिसली तर पाणी कमी येतंय, मागे जा. वाढ नेहमीइतकीच आहे पण कूलंट मात्र गरम, तर नळ्यांवर थर बसलाय आणि उष्णता भिंत ओलांडत नाही. कूलंट आत जाताना आणि बाहेर येताना फारच मोठा फरक पडत असेल तर आतला प्रवाह मंद आहे. तीन मोजमापांत तीन वेगळ्या शक्यता सुटतात, आणि एकही नट सैल करावा लागत नाही.

थर असेल तर टोकाची झाकणं काढून नळ्या आरपार बघा. मऊ घाण लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने निघते. कडक क्षाराला त्या धातूला चालणारं सौम्य आम्लाचं द्रावण लागतं. धातूची सळई घुसवू नका, नळीला भोक पडलं तर समुद्र कूलंटमध्ये येतो. झिंकची पेन्सिल, जी स्वतः झिजून बाकी धातू वाचवते, तीही तपासा. तिचे सुटलेले तुकडे नळ्यांच्या तोंडाशी साचतात.

मिक्सिंग एल्बोत गरम धूर आणि खारं पाणी एकत्र येतं. त्यामुळे तो आतून गंजतो आणि काजळी व क्षार मिळून वाट अरुंद करतात. पाण्याचा प्रवाह घटतो, धुराला मागचा दाब बसतो, इंजिनाची ताकद कमी होते आणि काळा धूर येतो. बाहेरून गंजाचे ओघळ दिसत असतील तर काढून आत बघाच. आतली भिंत फुटली तर बंद इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी उतरू शकतं. एल्बोनंतरचा रबरी पाइप हात ठेवता येण्याइतपत गार असायला हवा. तो भाजत असेल तर तिथपर्यंत पाणी पोहोचतच नाही.

आतला प्रवाह

गार इंजिनावर कूलंटची पातळी बघा. पट्टा बघा, भोवती काळी भुकटी असेल तर तो घसरतोय. कूलंटचा पंप आणि अल्टरनेटर बहुधा एकाच पट्ट्यावर असतात, म्हणून चार्जिंगचा दिवा आणि तापमान एकाच वेळी वर आलं तर पट्टाच गेला समजा. झाकणाची रबरी सील फाटली असेल तर दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं.

थर्मोस्टॅटची पाळी आता. पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत, तळाला न टेकता टांगून गरम करा. वर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. तो काढून टाकून इंजिन चालवणं हा उपाय नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बाजूची आडवाट बंद करतो. तो नसला की कूलंट हीट एक्स्चेंजरला वळसा घालून आतच फिरतं आणि इंजिन उलट जास्त तापतं.

टाकीत सतत बुडबुडे येतात, इंजिन सुरू करताच पाइप कडक होतात, तेल दुधाळ दिसतं, कूलंट संपतं पण गळती सापडत नाही: ही हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांमधली सील, गेल्याची लक्षणं. इथे मेकॅनिक बोलवा. पण गॅस्केट आपोआप क्वचितच जातं. ते आधीच्या तापण्याने जातं, म्हणून मूळ कारण सापडल्याशिवाय नवं बसवणं व्यर्थ.

इंजिनाचा दोषच नसेल तर

पूर्ण थ्रॉटलला इंजिन कंपनीने दिलेल्या कमाल फेऱ्या गाठतं का? दोनशे-तीनशे फेऱ्या कमी पडत असतील आणि धूर काळा असेल तर त्याच्यावर जास्त भार आहे. तळावर आणि प्रोपेलरवर बसलेले शिंपले, प्रोपेलरला गुंडाळलेली दोरी किंवा मोठ्या पिचचा, म्हणजे एका फेरीत जास्त पुढे ढकलणारा, नवा प्रोपेलर यांमुळे तसं होतं. कूलिंगचा प्रत्येक भाग नवा करूनही असं इंजिन तापेल.

दुरुस्तीनंतर धक्क्याला उभं राहून घेतलेली चाचणी पुरत नाही. भाराखाली, आधी 80 टक्के फेऱ्यांवर आणि मग पूर्ण वेगाला, किमान वीस मिनिटं चालवा. फेऱ्या, कूलंटचं तापमान, समुद्राच्या पाण्याचं आत-बाहेरचं तापमान, आणि मंद फेऱ्यांवर एक्झॉस्टच्या पाण्याने बादली भरायला लागणारे सेकंद वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला तेच आकडे लागतील. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी पुन्हा बघा. वाटेत अडकलेली हवा निघून गेल्यामुळे ती एकदा थोडी उतरू शकते. भरल्यावर पुन्हा उतरली आणि इंजिनाखालचा बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाचा खोलगट भाग, कोरडा असेल, तर कूलंट हीट एक्स्चेंजरच्या फुटलेल्या नळीतून थेट समुद्रात जातंय किंवा हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये.